तीन मेंढ्या, तीन दिवस

भाद्रपद लागला आणि पावसानं पुन्हा दडी मारली. इंदापूरहून बावड्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला कडवळाचं एक वावर लागतं. कडवळ म्हणजे वैरणीसाठी दाट पेरलेली ज्वारी. कणसं धरायच्या आधीच ती हिरवी कापून गुरांपुढं टाकतात. पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी ती कापून नेली. आता त्या खुंटांमधून नवा फुटवा वर आलाय, घोट्याएवढा. ऊन असं की पाती गुंडाळून बसलीत, तरी हिरवी. आजूबाजूचं सगळं शिवार करपलेलं आणि मधे तेवढाच तुकडा डोळ्यांत भरणारा. एसटीतल्या बाकीच्यांना बरं वाटत असेल बघून. मला बघवत नाही. मी मान वळवून उजवीकडच्या उसाकडे बघत बसते. वीस-बावीस वर्षं झाली या रस्त्यानं नोकरीला जाऊन, दर भाद्रपदात माझी हीच तऱ्हा.

आणि नशीब असं खवचट, की नववीचा तो धडा नेमका याच दिवसांत येतो. वैज्ञानिक पद्धत. निरीक्षण, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष. मी फळ्यावर चार शब्द लिहिते, मुलं वहीत उतरवतात. मग मी पुस्तकात नसलेलं एक पाचवं वाक्य सांगते, ‘प्रयोग किती वेळा केला, ते खरं लिहायचं.’ मुलं एकमेकांकडे बघून हसतात. बाईंचं काहीतरीच, एवढं काय सांगायचं त्यात! मीही हसते. हसायला काय जातं?

मी नववीत होते तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमचं घर सुप्याच्या अलीकडे, माळावर. आजोबांच्या वेळी दोनशे मेंढरांचा वाडा होता म्हणे. माझ्या वेळेला उरली होती सतरा, आणि जोडीला दोन एकर जिरायत रान, ज्यात पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर दगड. माझे वडील, म्हणजे तात्या, त्या सतरा मेंढरांच्या मागं असे चालायचे, की जणू अजून दोनशेच आहेत. गावातल्या चार घरांची शेरडंही सकाळी त्यांच्याच हवाली व्हायची. ‘तात्याच्या माघं सोडलं का घोर न्हाय,’ असं म्हणायचे लोक. जनावर आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी तात्यांना हाक. घरात एवढीच श्रीमंती होती आमच्या, आणि ती खरी होती.

त्याच वर्षी शाळेत शेलार बाई नव्यानं आल्या. उंच, सडपातळ, आवाज असा की मागच्या बाकावरची झोप उडावी. पहिल्याच तासाला म्हणाल्या, ‘पुस्तकं मिटा आणि बाहेर चला.’ मैदानात काठी रोवली, तिच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवला आणि सांगितलं, घरी रोज भरदुपारी हेच करा. ऋतू कसे होतात ते मी शिकवणार नाही, सावली शिकवेल.

तात्यांनी मला त्यांची जुनी काठी दोन हात ठेवून कापून दिली. आमच्या अंगणात ती रोवली. सुप्याकडं आषाढातही आभाळ कोरडंच असतं, त्यामुळं ऊन मिळायचं. पण पहिल्याच आठवड्यात माझा जीव खालीवर झाला. पुस्तकातल्या चित्रात दुपारची सावली उत्तरेला होती, माझी पडत होती दक्षिणेला. आता आली का पंचाईत! मी खोडरबर काढून वहीत दिशा बदलायला बसले होते, तेवढ्यात तात्या मेंढरांना पाणी दाखवायला आले. उकिडवे बसले, खड्यांकडं बघत राहिले.

‘खोडतीयास कशाला? चुकली न्हाईस तू.’

‘पुस्तकात उत्तरेला आहे.’ शाळेत ‘आहे’ आणि घरी ‘हाय’ असं माझं चालायचं. पण वाद घालायचा असला की घरातही ‘आहे’ यायचं.

‘पुस्तकवाला आखाडात आपल्या माळावर आला नसंल,’ तात्या म्हणाले. ‘आखाडात सावली तिकडंच जाती. आजून पंधराईक दिसांनी पायाखाली यील. मग हळूहळू त्या उत्तरंच्या वडाकडं सरकंल, आन वडाकडं लांबली का थंडी.’

झालंही तसंच. आषाढ सरता सरता एका दुपारी काठीला सावलीच उरली नाही. मी नुसती ओरडत सुटले. तात्या माळावर होते; संध्याकाळी आल्या आल्या म्हणाले, ‘आज पायात व्हती न्हवं?’ त्यांनी ती रोजच्या वाटेवर बघितली होती. त्यांना त्यात नवल नव्हतं, मला होतं, आणि माझं नवल बघून त्यांना आनंद होत होता.

मग मीही त्यांना शिकवलं. चुलीपुढं लोकरीचा गुंडा घेऊन बसले, त्यात लोकर कातायची चाती तिरकी खुपसली, आणि चुलीभोवती तो फिरवत सांगितलं की पृथ्वी अशी कलती आहे, म्हणून उन्हाळा आणि हिवाळा. आई भाकरी थापत होती. म्हणाली, ‘माझी चूल म्हंजी सूर्य व्हय गं? मग सूर्याला चार लाकडं आन जा भाईरनं.’ तात्या मात्र गुंड्याकडं बघत होते.

‘म्हंजी उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हनून ऊन न्हाय?’

‘नाही. थंडीत उलट थोडा जवळच असतो.’

तात्या पुढं सरकले. मग त्यांनी तव्यावरची भाकरी घेतली, जाळापुढं सरळ उभी धरली, मग तिरकी धरली. ‘सरळ धरली का करपती. कलती धरली का नुसती शेकती. अंतर त्येवढंच.’ आणि माझ्याकडं बघून असे हसले! माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना हे सहामाहीपर्यंत कळलं नव्हतं. आजही मी मुलांना भाकरीचंच उदाहरण देते. कुणाचं, ते सांगत नाही.

उत्क्रांतीचा धडा आला तेव्हाही असंच झालं. जिराफाची मान लांब कशी झाली? एक मत असं, की ताणून ताणून लांब झाली आणि पिल्लांतही उतरली. दुसरं मत मला नीट कळत नव्हतं. मी बांधावर बसून मोठ्यानं घोकत होते. तात्या काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

‘ताणून मान वाढती व्हय? मग माझ्या मानंचा पार उंट झाला असता मेंढरं शोधून,’ ते म्हणाले. ‘आगं, मोठ्या दुष्काळात आपली दोनशेतली चाळीस जगली. कंची? लांब पायाची, काळी, काटंकुटं चावून खानारी. देखनी, गुबगुबीत समदी मेली. आता ही सतरा बघ. समद्यांचं पाय लांब. म्या न्हाय निवडली ती. दुष्काळानं निवडली.’

मी वही मिटली. धडा कळला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच सांगितलं, मेंढ्या काढून जिराफ घालून. शेलार बाईंनी खडू खाली ठेवला. ‘हे तुला कुणी सांगितलं, सुमन?’ मी म्हणाले, ‘मला सुचलं.’

आता वाटतं, तिथंच कुणीतरी माझ्या एक थोबाडीत द्यायला हवी होती. पण हुशार मुलीला कोण मारतं? बाईंनी पाठीवर थाप दिली. त्या थापेची चटक लागली मला.

तात्यांचं एक मात्र होतं. इतका डोळस माणूस, पण एक गोष्ट ते कुणाचं न ऐकता पाळायचे. कापलेल्या कडवळाला फुटवा आला, की तो गुडघ्याएवढा होईपर्यंत त्याच्या बांधावरसुद्धा मेंढरू जाऊ द्यायचे नाहीत. त्यातून पावसानं ओढ दिलेली असली तर विचारूच नका, लांबून वळसा घालून न्यायचे कळप. विचारलं का, तर उत्तर ठरलेलं. गुडघ्यापर्यंतचा फुटवा बिरोबाचा. देवाच्या वाट्याला तोंड लावलं, की जनावर जागच्या जागी आडवं.

‘बिरोबाला ज्वारीचा पाला कशाला लागतोय, तात्या?’

‘मला काय ठाव? आज्ज्यानं सांगितलं, म्या पाळलं.’

‘म्हणजे पुरावा नाही.’

‘पुरावा म्हंजी?’

‘म्हणजे तुम्ही स्वतः बघितलंय का, फुटवा खाऊन मेंढरू मेलेलं?’

‘न्हाय बा. म्या जाऊच दिलं न्हाय कंदी, तर बघीन कसा?’

झालं! मला वाटलं, जिंकले. दीड शहाणी होते मी. देव पाला खात नाही हे खरं, म्हणून त्या पाल्यात काही नाही हेही खरं, अशी सरळ उडी मारली मी. सांगितलेलं कारण खोटं असू शकतं आणि तरी सांगितलेली गोष्ट खरी असू शकते, कारण कुणीतरी कधीतरी मेलेली मेंढरं बघून ती बांधलेली असते, हे त्या वयात मला कोण सांगणार? तात्या सांगू शकले असते. पण त्यांच्याकडे त्यासाठी शब्द एकच होता, बिरोबा, आणि तो मी नुकताच मोडीत काढला होता.

बारामतीत शाळांचा विज्ञान मेळावा होणार होता. शेलार बाईंनी मला विचारलं, तू काय करणार? मी म्हणाले, आमच्या घरातली एक अंधश्रद्धा तपासणार. बाईंचे डोळे चमकले.

मी एकदाच केला तो प्रयोग. तात्या सकाळी गावात गेले होते. शेजाऱ्यांच्या विहिरीच्या पाटाकडेला जिथं पाणी झिरपायचं, तिथला लुसलुशीत फुटवा मी मूठभर तोडून आणला आणि आमच्या मोरी नावाच्या मेंढीला खाऊ घातला. मोरी माझी लाडकी. तिनं तो खाल्ला, माझी बोटं चाटली आणि आणखी मागितलं. मी शाळेत गेले. संध्याकाळी आले तर मोरी ठणठणीत. संपला प्रयोग.

वहीत लिहायला बसले तेव्हा आठवलं, बाई म्हणाल्या होत्या, एकदा केलेला प्रयोग खरा नसतो, पुन्हा पुन्हा करून बघावा लागतो. मेळावा परवावर आला होता. मी लिहिलं: ‘तीन मेंढ्या, तीन दिवस. प्रत्येक वेळी निरीक्षण सारखेच.’ सुंदर अक्षरात लिहिलं. खाली रेघ मारली. निष्कर्ष: ज्वारीचा फुटवा विषारी नाही. वही दप्तरात घातली. खोटं लिहितोय असं वाटलंच नाही हो मला! वाटलं, केलं असतं तरी हेच आलं असतं, मग लिहिलं तर बिघडलं कुठं?

मेळाव्याला तात्या आले. मुलीचं काय लागलंय ते बघायला म्हणून पांढरं स्वच्छ धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून आले. माझ्या तक्त्याशेजारी हात पुढं बांधून उभे राहिले, दिवसभर, पाणीसुद्धा न पिता. परीक्षकांनी मला प्रश्न विचारले, मी पोपटासारखी बोलले. मग त्यातल्या एकांनी तात्यांकडे वळून विचारलं, ‘तुम्ही मेंढपाळ ना? मग तुमची मुलगी म्हणते ते पटतं का तुम्हाला?’

तात्यांनी पटका सारखा केला. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, ‘व्हय. तिनं बघितलंय करून.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नाही, तात्यांसाठी. अडाणी मेंढपाळ विज्ञान मानतो म्हणून. तात्या खाली बघत हसत होते, कानापर्यंत लाल झाले होते. त्यांच्यासाठी त्याआधी कुणी टाळ्या वाजवल्याचं मला माहीत नाही.

परतीच्या एसटीत प्रमाणपत्र त्यांनी उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. बारामती मागं पडली. माळ सुरू झाला. तात्या हळूच म्हणाले, ‘सुमे, तिन्ही डाव काय झालं न्हाय त्यास्नी?’

‘न्हाय, तात्या.’

‘तिन्ही मेंढरं येगळी व्हती न्हवं?’

‘व्हय.’

त्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत बसले. सुप्याचा फाटा यायला अजून तासभर होता. एका तासात किती वेळा सांगता आलं असतं! शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लागत होता. मला झोप येतेय असं दाखवून मी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. माळावरचं गवत पिवळं पडलं, मग नुसती माती. मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. सुप्याजवळच्या अभयारण्याच्या बाजूनं हरणं दिवसाढवळ्या बांधांपर्यंत यायची. हिरवं म्हणून जे काही होतं ते एका ठिकाणी, ओढ्यापलीकडे नामदेवरावांच्या वावरात. नामदेवराव म्हणजे तात्यांचे बालमित्र. त्यांनी कडवळ कापून नेलं होतं आणि वर घोटाभर फुटवा उभा होता, पाती उन्हानं गुंडाळलेली. आत्ता बावड्याच्या रस्त्याला उभा आहे ना, तसाच.

संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा घराला कडी होती. ओढ्याकडून माणसांचा गलका येत होता. दप्तरासकट पळत गेले. वावरात मेंढरं पडली होती. कुणी पाय झाडत होतं, कुणाच्या तोंडाला फेस, कुणी नुसतं आ वासून श्वास ओढत होतं. तात्या गुडघ्यावर बसून बांबूच्या नळकांड्यानं एकेकीच्या घशात गूळपाणी ओतत होते. वडगाव निंबाळकरहून मामानं पाठवलेली गुळाची अख्खी ढेप आईनं घागरीत फोडून कालवली होती. मला बघून आई म्हणाली, ‘धर तिचं तोंड.’ ती मोरी होती. मी तिचा जबडा धरला. माझ्या हातातच तिची मान सैल झाली. आजही गूळ मी तोंडात घालत नाही. संक्रांतीला मी पोळ्या करते, पण खात नाही.

सतरातली पाच वाचली.

लोक जमले होते. कुणी म्हणालं, देव कोपला. कुणीतरी विचारलं, ‘आरं पर तात्या, तुझी मेंढरं फुटव्यात शिरलीच कशी?’ तात्यांनी नळकांडं खाली ठेवलं. हात धोतराला पुसले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘डोळा लागला माझा. लिंबाखाली जरा टेकलो, तर डोळाच लागला.’

मेंढपाळानं असं म्हणणं म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. ड्रायव्हरनं म्हणावं की मी गाडी चालवताना झोपलो, तसं. दुसऱ्या दिवसापासून त्या चार घरांनी आपली शेरडं पाठवली नाहीत. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण पारावर पोरं त्यांना ‘निजरा तात्या’ म्हणायला लागली. दिवाळीच्या आत तात्यांनी उरलेली पाच विकून टाकली आणि आम्ही इंदापूरकडे आलो. तिथं एका बागायतदाराच्या डाळिंबाच्या बागेत ते कामाला लागले. झाडाला ठिबकचं पाणी, वेळ ठरलेली, फवारा ठरलेला. कुठं काही हिंडायचं नाही, की ओळखायचं नाही. तात्या तिथं मान खाली घालून काम करायचे. मी काही विचारलं, सावलीचं, पाखरांचं, आभाळाचं, तर म्हणायचे, ‘तू शिकलेली हाईस. तुलाच ठाव.’ रागानं नाही बरं. मनापासून. रागावले असते तर बरं झालं असतं.

आणि मी? मी ‘डोळा लागला’ हे धरून बसले. वहीचं ते पान फाडून चुलीत घातलं आणि स्वतःला सांगितलं, तात्या झोपले, मेंढरं चुकून शिरली, माझा काय संबंध? एक गोष्ट मात्र डोक्यात टोचत राहायची. त्या दिवशी सकाळी ती चार घरं शेरडं घेऊन आली होती. तात्यांनी ‘आज ठिवा घरी, उद्या न्हेतो’ म्हणून ती परत पाठवली होती. आईनं ते सहज सांगितलं होतं मला. लोकांची जनावरं घरी ठेवून माणूस फक्त स्वतःची घेऊन जातो, आणि नेमका त्याच दिवशी झोपतो? आज वर्गात एखाद्या मुलानं असा निष्कर्ष काढला तर मी त्याला उभं करीन. पण स्वतःला उभं करायला कुणाची छाती होते! मी तो पुरावा बाजूला ठेवला. मला सोयीचं होतं ते.

बारामतीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना लायब्ररीत एका जाड पुस्तकात ते सापडलं. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं. फुटव्यात जास्त. पाण्याचा ताण पडला की फारच जास्त. भरपूर पाण्यातल्या हिरव्या पाल्यात कमी. एकाच मुठीनं जनावराला काही होईल असं नाही, पोटभर खाल्लं तर तासात मरतं. साधारण गुडघ्याच्या वर वाढलं की धोका ओसरतो. पाटाकडेचा लुसलुशीत फुटवा, एक मूठ, एक मेंढी. माझा अख्खा प्रयोग त्या पानावर होता, कुठं कुठं चुकला त्यासकट. मी पुस्तक मिटून बाहेर आले आणि नळावर जाऊन नुसतं तोंड धूत राहिले.

शनिवारी घरी गेले. तात्या बागेतून येऊन पाय धूत होते. मी म्हणाले, ‘तात्या, तुमचं खरं होतं. फुटव्यात विष असतं. पुस्तकात आहे.’

ते पाय धुवायचे थांबले. ‘गुडघ्यापतुर?’

‘गुडघ्यापर्यंतच लिहिलंय.’

‘आन वढ दिल्याली आसंल तर जादा?’

‘हो.’

त्यांनी राहिलेला पाय धुतला. मग म्हणाले, ‘बरं झालं. पुस्तकात आलं. आता कुनाची मरायची न्हाईत.’ आणि आत गेले. भिंतीवर माझं ते प्रमाणपत्र काच बसवून टांगलेलं होतं. दर अमावास्येला तात्या ते उतरवून पटक्याच्या शेवानं पुसायचे. तेव्हा सांगायला हवं होतं. एकदाच केला होता, तात्या. तीन वेळा केला हे खोटं होतं. शब्द तोंडात आले होते अगदी. आईनं जेवायला हाक मारली आणि मी जेवायला बसले.

मग नोकरी, लग्न, मुलं. वर्षं काय, एसटीतून झाडं मागं पडतात तशी जातात. मी विज्ञानाची बाई झाले. तात्या लोकांना सांगायचे, ‘माझी पोरगी पोरांना खरं-खोटं तपासाया शिकवती.’

तीन वर्षांपूर्वी, याच भाद्रपदात, तात्या गेले. अंगणातल्या खाटेवर दुपारचे पडले होते. आईला म्हणाले, सावली वडाकडं सरकली का बघ. वड सुप्यालाच राहिला होता, पण उत्तरेला ते अजून वडच म्हणायचे. ती बघून आली तर उत्तर ऐकायला ते नव्हते.

आज वर्गात तो धडा झाला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, एकदाच केला आणि तीनदा लिहिला, तर काय होतं?’ सगळा वर्ग हसला. मी म्हणाले, ‘मार्क जातात.’ घंटा झाली म्हणून सुटले.

पण काय होतं ते मला माहीत आहे. तात्यांच्या दहाव्याला नामदेवराव आले होते. पार वाकलेले, नातवाच्या मोटारसायकलवरून सुप्याहून इंदापूरला आलेले. बायका-माणसं पांगल्यावर ते माझ्याजवळ ओट्यावर बसले. जुन्या गोष्टी निघाल्या. मी म्हणाले, ‘आबा, त्या दिवशी तात्यांचा डोळा लागला नसता, तर आम्ही गावातच राहिलो असतो.’ इतक्या वर्षांनीसुद्धा, बघा, मी तेच धरून होते.

नामदेवराव माझ्याकडं बघतच राहिले. ‘त्यो निजला न्हवता, पोरी. धनगराला दिवसा झोप लागती व्हय? पोरं काय बी बोलायची, पर आमा मोठ्यास्नी मागनं समद्यांस्नी ठाव झालं. त्यानंच शपथ घातली व्हती. म्हनला, पोरगीला कळलं तर ती शाळा सोडंल.’

‘म्हणजे?’ मी विचारलं.

‘मी बांधावरच व्हतो,’ ते म्हणाले. ‘म्या आडवलं त्येला. म्हनलं, तात्या, फुटवा कवळा हाय, त्यात वढ दिलीया, कशाला इषाची परीक्षा? मेंढरं भुकंनं वरडत व्हती. त्यानं पटका सारखा केला, आन कसा हसला सांगू तुला. म्हनला, नामदेवा, आता भ्या न्हाय. माझ्या पोरीनं तपासलंय. एक डाव न्हाय, तीन डाव.’